कोंडा (केसांतील)

कोंडा हा डोक्याच्या त्वचेचा एक सौम्य, परंतु वारंवार उलटणारा विकार आहे. यात त्वचेचे पांढरे किंवा करडे पापुद्रे सुटून केसांत व खांद्यांवर पडतात आणि कमीअधिक खाज सुटते. हा विकार सांसर्गिक नाही, तसेच ते अस्वच्छतेचे लक्षणही नाही. वयात येताना त्याची सुरुवात होते, तरुणपणी त्याचा जोर असतो आणि पन्नाशीनंतर तो सहसा ओसरतो. जगातील सुमारे निम्म्या प्रौढांना तो केव्हा ना केव्हा होतो. पुरुषांत त्याचे प्रमाण काहीसे अधिक आहे.

नाव

हा शब्द मूळचा धान्याचा. पीठ चाळल्यावर चाळणीत उरणारा टरफलांचा भुसा म्हणजे कोंडा. 'कोंड्याचा मांडा करणे' या वाक्प्रचारात तोच आहे. रूपसाम्यामुळे तो डोक्यातील पापुद्र्यांना लागू झाला. आयुर्वेदात या विकाराला 'दारुणक' म्हणतात. सुश्रुतसंहितेत त्याची गणना क्षुद्ररोगांत केली असून केसांखालची त्वचा रूक्ष होणे, खाजणे व फुटणे अशी त्याची लक्षणे दिली आहेत.

कारणे

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील मृत पेशी प्रत्येकाच्याच अंगावरून सतत गळत असतात. त्या एकेकट्या सुटतात, म्हणून दिसत नाहीत. कोंड्यात मात्र खालच्या नव्या पेशी घाईने वर येतात, पूर्ण पक्व होण्याआधीच एकमेकींना चिकटून राहतात आणि गठ्ठ्याने सुटतात. डोळ्यांना दिसतो तो हा गठ्ठा.

ही घाई होण्यास मुख्यतः मॅलासेझिया नावाची किण्ववर्गीय बुरशी कारणीभूत असते. फ्रेंच संशोधक लुई-शार्ल मॅलासे यांच्यावरून तिला हे नाव मिळाले. तिच्या ग्लोबोसा व रेस्ट्रिक्टा या दोन जाती डोक्यावर विशेष आढळतात. ही बुरशी स्वतः मेदाम्ले तयार करू शकत नाही. त्यामुळे त्वचेतील तैलग्रंथींच्या स्रावावर ती जगते. आपल्या विकरांनी ती या स्रावातील मेदाचे विघटन करते, काही आम्ले वापरते आणि उरलेली, विशेषतः ओलेइक आम्ल, त्वचेवर तशीच राहतात. ज्यांची त्वचा या आम्लाला संवेदनशील असते, तिचा दाह होतो व पेशी वेगाने वाढू लागतात. तीच बुरशी निरोगी माणसाच्या डोक्यावरही असते. म्हणून बुरशी, तैलस्राव आणि व्यक्तीची संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच कोंडा होतो. तैलग्रंथी वयात येताना सक्रिय होतात, यातच शाळकरी वयाच्या अखेरीस तो का सुरू होतो याचे उत्तर आहे. ज्या वयात मुले आपल्या दिसण्याविषयी सर्वाधिक हळवी असतात, त्याच वयात 'डोके धूत नाहीस का?' हा प्रश्न त्यांना ऐकावा लागतो. तो अन्यायाचा आहे. मानसिक ताण व थंड, कोरडी हवा यांनी विकार बळावतो.

तेल आणि घरगुती उपाय

कोंडा म्हणजे डोके कोरडे पडणे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे, आणि त्यावर तेल चोपडणे हा पहिला उपाय ठरतो. हिवाळ्यात हातपायांबरोबर डोकेही कोरडे पडून बारीक भुकटी पडत असेल, तर तेलाने खरोखर बरे वाटते. खऱ्या कोंड्याचे पापुद्रे मात्र मोठे व तेलकट असतात. प्रयोगशाळेत ही बुरशी वाढवण्यासाठी पोषकद्रव्यात मुद्दाम तेल मिसळावे लागते, हे ध्यानात घेतले तर रात्रभर तेल मुरवत ठेवणे का हितावह नाही ते कळते. न्हाण्यापूर्वी थोडा वेळ तेल लावून पापुद्रे मऊ करणे व मग ते पूर्ण धुऊन काढणे यास हरकत नाही. रिठा व शिकेकाई तेलकटपणा काढतात. मात्र लिंबाचा रस खाजवून सोललेल्या त्वचेवर चोळल्यास आग होते व दाह वाढतो.

उपचार

कोंडा आटोक्यात ठेवता येतो, पण कायमचा घालवता येत नाही. किटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड व झिंक पायरिथिऑन ही औषधे बुरशीची वाढ रोखतात. सॅलिसिलिक आम्ल पापुद्रे सुटे करते, तर कोल टार पेशींची वाढ मंदावते. यांपैकी झिंक पायरिथिऑनवर युरोपीय संघाने 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. किटोकोनॅझोलचा 2 टक्क्यांचा शाम्पू सामान्यतः आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. उपाय फसण्याचे नेहमीचे कारण औषध नसून घाई हे असते. शाम्पू केसांना नव्हे, त्वचेला लावून तीन ते पाच मिनिटे ठेवावा लागतो. पापुद्रे थांबताच औषध पूर्ण सोडल्यास काही आठवड्यांत ते पुन्हा दिसू लागतात. म्हणून पुढे आठवड्याने किंवा पंधरवड्याने एकदा वापर चालू ठेवतात.

सदृश विकार

लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात, कोंडा झटकताच पडतो. भुवया, नाकाच्या कडा व छाती येथेही लाली आणि पापुद्रे असल्यास तो कोंड्याचाच तीव्र प्रकार, म्हणजे सेबोऱ्हिक त्वचादाह असतो. सोरायसिसमध्ये जाड, रुपेरी खवल्यांचे ठळक चट्टे उठतात व ते केसांच्या सीमेबाहेरही येतात. केसांच्या कलपाने खाज व सूज येऊ शकते. लहान मुलाच्या डोक्यावर पापुद्र्यांसोबत केस तुटून चकत्या पडत असतील, तर तो बहुधा नायटा असतो. तो सांसर्गिक असून त्यास पोटात घ्यावयाचे औषध लागते, नुसत्या शाम्पूने तो बरा होत नाही. अशा वेळी, तसेच महिनाभराच्या उपचारानेही फरक न पडल्यास, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक असते. त्यांच्या सल्ल्याशिवाय स्टेरॉइडयुक्त मलमे लावल्यास नायटा काही काळ दबतो आणि नंतर अधिक पसरतो.