फायरप्लेससमोरची फरशी

गेल्या डिसेंबरात लीड्सहून मावसबहिणीचा फोन आला. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजले होते. "ताई, फटाक्यासारखा आवाज झाला आणि फरशी उभी तडकली!"

तिचं घर व्हिक्टोरियन काळातलं. प्लायवूड ठोकून बुजवलेली फायरप्लेस तिने हौसेने उघडली, धुराडं साफ करून घेतलं, भोवती दगडी चौकट बसवली आणि पुढ्यात करड्या ग्रॅनाइटची एकसंध, आरशासारखी फरशी घातली. "ग्रॅनाइटला काही होत नाही," असं बसवणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं. आपल्याकडे ओटा बसवणाराही हेच सांगतो, आणि ओट्यापुरतं ते खरंही असतं. उतरवलेली कढई तिथे जरा वेळ टेकते, एवढंच. फायरप्लेससमोरची फरशी मात्र तासन्‌तास एकाच अंगाने भाजते.

उघड्या आगीने तापलेली बरीचशी हवा धुराड्यातून वर निघून जाते. खोलीत ऊब येते ती मुख्यतः किरणांनी. काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञाने हे नेमकं हेरलं होतं. १७९६ साली त्याने फायरप्लेसची नवी रचना मांडली: आगीची जागा उथळ, दोन्ही बाजूंच्या भिंती तिरक्या आणि धुराड्याचा गळा अरुंद. भिंतींना चुन्याची सफेदीही करा, म्हणजे किरण खोलीत फेकले जातील, असं तो सांगे. पण माणसांना ऊब देणारे हे किरण वाटेतल्या दगडालाही सोडत नाहीत.

मीटरभर लांब ग्रॅनाइट शंभर अंशांनी तापला तर वाढतो जेमतेम पाऊण मिलिमीटर. हे पाऊण मिलिमीटरच नडतं. आगीजवळचा भाग फुगू पाहतो, लांबची थंड कड जागची हलत नाही, आणि ती ताणली जाते. दगड दाब कितीही सोसेल, ताण सोसत नाही. शिवाय ग्रॅनाइट म्हणजे क्वार्ट्‌झ, फेल्डस्पार आणि अभ्रक यांचं एकत्र कुटुंब. उष्णतेने प्रत्येकाचं फुगणं वेगळं. ५७३ अंश सेल्सिअसला तर क्वार्ट्‌झची अंतर्रचनाच पालटते आणि तो एकदम फुगतो. समोरची फरशी एवढी तापत नाही, पण आगीला थेट भिडणाऱ्या आतल्या भिंतींना भट्टीच्या विटाच लावतात त्या उगीच नाही.

संगमरवराचं दुखणं आणखी विचित्र. त्यातला कॅल्साइटचा स्फटिक तापला की एका दिशेने प्रसरण पावतो आणि आडव्या दिशेने चक्क किंचित आकसतो. कणांची पकड हळूहळू सुटत जाते. हेलसिंकीच्या फिनलँडिया हॉलवरच्या इटालियन संगमरवराच्या लाद्या याच कारणाने, ऊन-थंडी आणि ओल सोसून, बशीसारख्या वाकल्या. १९९०च्या दशकात त्या बदलल्या, तर नव्याही वाकल्या! तिथे आग नव्हती, नुसते ऋतू होते.

ओला दगड त्याहून वाईट. ओढ्यातल्या गोट्यांची चूल मांडून पाहा. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला सुमारे १,६०० पट जागा हवी असते, आणि गोटा कपची उडवत फुटतो.

"मग आपला काळा दगड इकडे आणू का?" बहिणीने विचारलं. माहेरच्या अभिमानाचा भाग सोडला तरी प्रश्न शहाणा होता. सह्याद्रीचा बेसाल्ट बारीक कणांचा, आणि क्वार्ट्‌झचा उपद्रव त्यात जवळपास नाहीच. पण दगड घट्ट हवा. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पडलेल्या पोकळ्यांमध्ये पुढे पांढरी खनिजं भरली, ती पाणी धरून असतात. त्यातल्या झिओलाइटांना १७५६ साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने नाव दिलं, त्याचा अर्थच 'उकळणारा दगड'. त्यांच्यासोबत सापडणाऱ्या अ‍ॅपोफिलाइटचं नावही तापल्यावर पापुद्रे सुटण्यावरूनच पडलं. त्याचे हिरवे स्फटिक पुण्याच्या पाषाणमधल्या खाणीमुळे जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत.

शेवटी तिने तिकडच्याच स्लेटची फरशी घातली, पण तीन तुकड्यांत. खाली उष्णता सोसणारं काँक्रीट आणि मधल्या दर्जा किंचित सैल, तुकड्यांना अंग पसरायला. अख्ख्या फरशीचा थाट गेला म्हणून मेहुणे अजून हळहळतात.

मी पाठवलेला अ‍ॅपोफिलाइटचा स्फटिक तिने खिडकीत ठेवलाय, आगीपासून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला.