पाच लिटरचं खोकं

टीव्हीवर बाहेरून थेट प्रक्षेपण चालू असताना निर्मात्याची जागा असते ओबी व्हॅनमधल्या एका चिंचोळ्या कप्प्यात. समोर पडद्यांची रांग, हाताशी सहायक, इंटरकॉमवर कॅमेरामन. त्याला चित्र बघायचं असतं, चार जणांशी बोलायचं असतं आणि कार्यक्रमाचा आवाज घरी बसलेल्या प्रेक्षकाला कसा पोचतोय याकडेही कान ठेवायचा असतो. हेडफोन चढवला तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. बीबीसीचा स्टुडिओतला मॉनिटर स्पीकर आणावा तर तो छोट्या कपाटाएवढा, म्हणजे तो आत आला की माणसाने बाहेर जायचं. या अगदी प्रशासकीय स्वरूपाच्या अडचणीतून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एका स्पीकरचा जन्म झाला. आज त्याची जुनी जोडी मिळवायला शौकीन वर्षानुवर्षं वाट बघतात आणि ती मिळाली की दिवाणखान्यात देव्हाऱ्यासारखी जागा करून देतात.

नावही सरकारी फायलीत शोभेल असं : एलएस३/५ए. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, ३ म्हणजे बाह्यप्रक्षेपणासाठी, ५ म्हणजे त्या मालिकेतला पाचवा, आणि ए म्हणजे पहिली सुधारित आवृत्ती. उंची सुमारे साडेतीस सेंटिमीटर, रुंदी एकोणीस, खोली सोळाच्या आसपास. आतली पोकळी साधारण पाच लिटरची. विकण्यासाठी म्हणून तो कुणी आखलाच नव्हता. बीबीसीला स्वतःच्या गरजेपुरते नग हवे होते, बाजारातला कुठलाही लहान स्पीकर अभियंत्यांच्या पसंतीस उतरेना, म्हणून त्यांनी स्वतःच करायला घेतला.

हे अभियंते होते दक्षिण इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या किंग्जवुड वॉरन या जुन्या वाड्यातले. बीबीसीचा संशोधन विभाग अनेक दशकं तिथे नांदला. डी. ई. एल. शॉर्टर आणि पुढे डडली हारवुड ही तिथली ध्वनिशास्त्रातली मोठी नावं. या मंडळींचा एक उद्योग मला फार आवडतो. मोठा स्टुडिओ बांधण्याआधी किंवा दुरुस्त करण्याआधी तो कसा घुमेल हे समजावं म्हणून ते त्याची एक अष्टमांश मापाची प्रतिकृती करत. लंडनच्या मेडा व्हेलमधला वाद्यवृंदाचा मोठा स्टुडिओ त्यांनी असाच करून पाहिला होता. खोली आठपट लहान, तर ध्वनीची लहरही आठपट आखूड हवी. म्हणून घुमाराशिवाय ध्वनिमुद्रित केलेलं संगीत आठपट वेगाने त्या खेळण्यातल्या स्टुडिओत वाजवायचं, तिथेच पुन्हा मुद्रित करायचं आणि मग वेग उतरवून ऐकायचं. न बांधलेल्या स्टुडिओत वाद्यवृंद ऐकू येई! एवढ्याशा खोलीत वाजवायला स्पीकरही एवढासाच लागणार. त्या प्रयोगांसाठी जमवलेला छोटा स्पीकर खालच्या पट्टीतही अपेक्षेपेक्षा बरा वाजतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. व्हॅनसाठी मागणी आली तेव्हा हात त्याच्याकडे गेला.

आता प्रश्न असा, की लहान स्पीकर चांगला आहे म्हणजे काय? आलेख काढता येतात, आणि ते काढलेच. निर्नाद खोलीत मायक्रोफोन ठेवून कुठली कंप्रता किती वाजते हे मोजायचं, ही पहिली पायरी. पण हारवुड आणि त्यांचे सहकारी आलेखावर थांबत नसत. ओळखीचा एक माणूस दुसऱ्या खोलीत बसवायचा, त्याला बोलायला लावायचं, मायक्रोफोनमधून येणारं त्याचं बोलणं स्पीकरवर ऐकायचं, आणि मग तोच माणूस प्रत्यक्ष समोर बोलताना ऐकायचा. आवाज नाकातून आल्यासारखा वाटला, छातीत डबा बसवल्यासारखा वाटला, की पुन्हा कामाला लागायचं. व्हायोलिन कसं वाजायला हवं यावर वाद घालता येतो. ते वाद्य, तो कलाकार, ते सभागृह आपण पाहिलेलं नसतं. सहकाऱ्याचा आवाज मात्र कॅन्टीनमध्ये रोज ऐकलेला असतो. एलएस३/५एबद्दल पन्नास वर्षं जी एक गोष्ट सगळे कबूल करतात, की त्यावर माणूस माणसासारखा बोलतो, तिचं मूळ या शिरस्त्यात आहे. नुसत्या आलेखाच्या जोरावर स्पीकर विकणाऱ्यांनी आणि आलेखाला नाकं मुरडणाऱ्यांनी, दोघांनीही हा शिरस्ता बघण्यासारखा आहे.

खोक्याकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे आहे. दुकानात स्पीकर बघायला गेलेला माणूस आधी त्यावर बोटाने टकटक करतो. जड, ठस लागला की मान डोलावतो. बीबीसीचं मत वेगळं होतं. भिंत जाड केली म्हणून तिचं कंप पावणं थांबत नाही. ते फक्त वरच्या कंप्रतेवर सरकतं, म्हणजे नेमकं तिथे, जिथे आपला कान जास्त तिखट असतो. त्यापेक्षा भिंत पातळ ठेवावी, म्हणजे तिचा नाद खाली राहतो, आणि आतून तिला डांबरी थर चिकटवून तो नाद जिरवावा. वाजत्या ताटलीला बोट लावलं की ती गप्प होते, तसं. म्हणून हे खोकं सुमारे १२ मिलिमीटरच्या बर्च प्लायवुडचं आहे आणि आतल्या भिंतींवर डांबरी पत्रे आहेत. कोपऱ्यांत भिंती जोडणाऱ्या रिपा बीच लाकडाच्या. त्यांच्या जागी पराना पाइन हे हलकं लाकूड वापरलं तर आवाजात ऐकू येईल असा फरक पडतो, हे बीबीसीने तपासून नोंदवून ठेवलं. सुताराला विचाराल तर तो म्हणेल, आत झाकलेल्या रिपेला कोण बघतंय? पण पडद्याआडची ती रीप भिंतीच्या कडा कशा धरून ठेवते यावर भिंतीचं थरथरणं ठरतं, आणि ते बोलणाऱ्याच्या आवाजात मिसळतं.

पुढची जाळी काढली की आणखी एक गंमत दिसते. वरच्या बाजूच्या, बारीक आवाज काढणाऱ्या छोट्या ट्वीटरभोवती जाड नमद्याच्या चार पट्ट्यांची चौकट चिकटवलेली असते. ट्वीटरमधून निघालेली लहर सरळ आपल्याकडे तर येतेच, पण फळीवरून सरपटत खोक्याच्या कडेपर्यंतही जाते आणि तिथे आपटून दुसऱ्यांदा, किंचित उशिरा निघते. या खोक्याची कड तर फळीच्या पुढे आलेली, म्हणजे आपटायला आयती जागा. नमदा त्या सरपटणाऱ्या लहरीला वाटेतच शोषतो. जाळीचं कापडही या हिशेबात धरलेलं आहे. आवाज मोकळा व्हावा म्हणून जाळी काढून ऐकणारे हौशी मी पाहिले आहेत. ज्यांनी स्पीकर घडवला त्यांनी तो जाळीसकट जुळवला होता, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

आतली दोन्ही युनिटं केईएफ कंपनीची. १९६१ साली केंटमधल्या टोविलला ही कंपनी काढली ती रेमंड कुक यांनी, आणि तेही एके काळी बीबीसीतच होते. केईएफ हे नाव त्या जागेवरच्या जुन्या केंट इंजिनिअरिंग अँड फाउंड्री या कारखान्यावरून आलं. जाड आवाजासाठीचा वूफर बी११० आणि ट्वीटर टी२७, दोन्ही माल्कम जोन्स या केईएफच्या अगदी सुरुवातीच्या अभियंत्याने घडवलेली. बी११०चा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकू, कागदाचा नाही, बेक्स्ट्रीन या प्लास्टिकचा. कागदी कोनाची तक्रार अशी, की लगद्याचा प्रत्येक घाणा थोडा वेगळा निघतो आणि हवेतल्या ओलाव्यानेही त्याचं वागणं बदलतं. एका स्टुडिओत जुळवलेला आवाज दुसऱ्या स्टुडिओत तसाच यायला हवा, ही ज्यांची गरज, त्यांना हे चालणार कसं? बेक्स्ट्रीनचा पत्रा तापवून निर्वात साच्यात ओढला की कोन एकसारखे निघतात. पण नुसतं बेक्स्ट्रीन खणखणतं, म्हणून त्याच्यावर हाताने एक चिकट लेप द्यावा लागतो.

आणि एवढं करूनही युनिटं बदललीच. पहिला एलएस३/५ तयार झाला, थोडे नग निघाले आणि तेवढ्यात केईएफने युनिटांमध्ये सुधारणा केल्या. जुना क्रॉसओव्हर त्यांना जुळेना. बीबीसीच्या डिझाइन विभागाने तो नव्याने मांडला, आणि नावामागे ए लागला. क्रॉसओव्हर म्हणजे आवाजाची वाटणी करणारी पाटी : साधारण ३ किलोहर्ट्झच्या खालचं वूफरला, वरचं ट्वीटरला. पण इथे तिच्यावर त्यापेक्षा बरंच काम टाकलेलं आहे. वूफरच्या मधल्या पट्टीतला उंचवटा ती कापते. ट्वीटर वूफरपेक्षा जोरात बोलतो, तर त्याला ट्रान्सफॉर्मरच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर जोडून बारीक-बारीक पायऱ्यांनी खाली आणता येतं, आणि हे प्रत्येक नगाला मोजून करायचं. एवढ्या छोट्या खोक्याच्या मानाने आतली पाटी बघितली की माणूस चकित होतो.

या सगळ्या कापाकापीची किंमत ताकदीत मोजावी लागते. एका वॉटला एक मीटरवर हा स्पीकर साधारण ८३ डेसिबल देतो. घरगुती स्पीकर सहज ८७-८८ देतात. चार-पाच डेसिबलची भरपाई करायची तर अडीच-तीनपट वॉट लागतात, हे लक्षात घेतलं की हा किती सुस्त गडी आहे ते कळेल. त्यात ताकद सोसण्याची मर्यादा २५ वॉटची. गणपतीच्या मिरवणुकीत सोडा, वाढदिवसाच्या पार्टीतही याला नेऊ नये. व्हॅनमध्ये निर्माता हातभर अंतरावर बसलेला असायचा, त्याच्यापुरता आवाज पुरे होता.

आणि खर्ज? पाच लिटरच्या बंद खोक्यातून खोल खर्ज निघत नाही, याला इलाज नाही. साधारण ८० हर्ट्झच्या खाली आवाज उतरणीला लागतो. बीबीसीने त्याच्या वर, १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, थोडा फुगवटा राहू दिला, त्यामुळे कानाला भरल्यासारखं वाटतं. आपल्या संगीताच्या बाबतीत मला हे तपासून बघण्यात रस होता. काळी एक स्वरात लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची, म्हणजे उतरणीच्या भागातली. तरी तंबोरा या स्पीकरवर सुंदर बोलतो. कारण जवारी. तार घोडीवर घासत सुटते आणि मूळ स्वरापेक्षा त्याच्या वरच्या अंशस्वरांचीच गर्दी करते; सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिताना हेच वेगळेपण दाखवलं होतं. अंशस्वर नीट पोचले की मूळ स्वर कान स्वतःच भरून काढतो. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, कवितावाचन, श्रुतिका यांना हा स्पीकर म्हणूनच मानवतो. डग्गा मात्र थोडा सडपातळ होतो आणि पखवाज तर उपाशीच राहतो. ज्यांना धृपद मनापासून ऐकायचं आहे त्यांनी दुसरं मोठं खोकं बघावं.

बीबीसीने स्वतः कारखाना काढला नाही. परवाने दिले. रॉजर्स, ऑडिओमास्टर, चार्टवेल, स्पेंडर, गुडमन्स, हार्बेथ आणि खुद्द केईएफ, अशा कंपन्यांनी वेगवेगळ्या काळात तो केला, बीबीसीच्या मोजमापाला उतरेल असा. यातली निम्मी घरं बीबीसीच्याच माणसांची. बेक्स्ट्रीनच्या कोनावर काम केलेले स्पेन्सर ह्यूज यांनी बायको डोरोथीचं नाव आपल्या नावाला जोडून स्पेंडर काढली. हारवुड यांनी १९७७ साली पत्नी एलिझाबेथसह हार्बेथ. नवरा-बायकोच्या नावांचे तुकडे जोडून घराला नाव देण्याची पद्धत आपल्याकडेच आहे असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही.

१९८०च्या दशकात बी११० पुन्हा मूळ मापापासून ढळू लागला. १९८८च्या सुमाराला केईएफने क्रॉसओव्हर फिरून आखला, आणि विद्युतरोधाच्या हिशेबात १५ ओमचा स्पीकर ११ ओमचा झाला. तेव्हापासून शौकिनांचे दोन पंथ आहेत आणि त्यांच्यात रोटीव्यवहार नाही. १५ ओमवाल्यांना ११ ओममध्ये पूर्वीचा गोडवा नाही असं वाटतं; ११ ओमवाल्यांना १५ ओम जरा जास्तच गोड वाटतो. मग क्रमांक जुळतात का, बिल्ला कसला आहे, व्हिनियर सागवानी की रोझवुड, यांवरून भाव चढतात. हाँगकाँग आणि जपानमध्ये या खोक्याची भक्ती इतकी वाढली, की पुढे रॉजर्स कंपनीच हाँगकाँगच्या मालकांनी विकत घेतली.

मला हे भाव पटत नाहीत. ज्या माणसांनी नगा-नगात फरक राहू नये म्हणून लाकडी रिपेची जातसुद्धा ठरवून दिली, त्यांचीच वस्तू लोकांनी नगा-नगातल्या फरकासाठी जमवावी, हा प्रकार विनोदी आहे. शिवाय चाळीस वर्षांत कपॅसिटर सुकतात, कोनाभोवतीची लवचीक कडा कडक होते, आणि त्या जोडीचं माप बीबीसीच्या १९७६च्या अहवालातल्या आलेखाशी आज जुळेलच असं नाही. बिल्ल्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा जोडी जाणकाराकडून मोजून घ्यावी.

१९९०च्या दशकाच्या अखेरीस केईएफने ही युनिटं करणं थांबवलं आणि मूळ स्पीकरचं उत्पादन संपलं. पुढे दोन वाटा निघाल्या. स्पेन्सर ह्यूज यांचे चिरंजीव डेरेक ह्यूज यांनी आज मिळणारी वेगळी युनिटं घेतली आणि क्रॉसओव्हर असा मांडला, की निकाल जुन्या मापाशी जुळावा. स्टर्लिंग ब्रॉडकास्ट आणि ग्रॅहम ऑडिओ यांच्या आवृत्त्या या वाटेवरच्या. दुसरी वाट फाल्कन अकुस्टिक्सची. ही कंपनी माल्कम जोन्स यांनीच काढलेली. तिने बेक्स्ट्रीनचा बी११० आणि टी२७ पुन्हा नव्याने घडवले आणि १५ ओमचा स्पीकर बीच रिपांसकट परत बाजारात आणला. मूळ युनिटं आखणाऱ्याच्याच घरातून ती पुन्हा निघाली, असं या धंद्यात क्वचितच घडतं.

आपल्याकडे कुणी ही जोडी घेतलीच तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. ती पुस्तकांच्या कपाटात कोंबू नये. साठेक सेंटिमीटरच्या भक्कम स्टँडवर, भिंतीपासून पुढे काढून ठेवावी आणि सहा-सात फुटांवर बसून ऐकावं. आणि अँप्लिफायर पन्नास वॉटचा स्वच्छ असला तरी आवाजाचं बटण जपून फिरवावं. दहा बाय बाराच्या खोलीत, खिडक्या लावून, रात्रीच्या वेळी ती उत्तम वाजते. दिवसा खालून बस आणि रिक्षा जात असतील, तर तिच्या ८३ डेसिबलचा रस्त्यापुढे निभाव लागत नाही.