भोंगा झाला, म्हणजे काय झालं?

रोह्याहून कोलाडकडे निघालं की वाटेत धाटाव लागतं. ‘पोरगा धाटावला लागला’ असं इकडे कुणी म्हणालं, तर तो त्या गावी राहायला गेला असं कुणी समजत नाही. एमआयडीसीतल्या कुठल्याशा केमिकल कंपनीत तो चिकटला, एवढाच अर्थ. गावाचं नाव घेऊन नोकरी सांगायची, ही लक्षणा. शास्त्रकार तिच्यासाठी ‘गंगेवर गवळीवाडा’ हे उदाहरण देतात. वाडा पाण्यावर नसतो, काठावर असतो. वर्गात अजून तेच घोकून घेतात. धाटाव खिडकीतून दिसत असतं.

व्यंजनेचं, म्हणजे सुचवलेल्या अर्थाचं, उदाहरणही असंच दाराशी आहे. ‘सूर्य मावळला’ या साध्या वाक्यातून ऐकणाऱ्यागणिक वेगळा अर्थ निघतो, हे अकराव्या शतकात मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त दाखवलं. सेनापतीला ती चाल करून जायची वेळ वाटते, गुराख्याला गुरं वळवायची. आता ‘भोंगा झाला’ म्हणा. दुसऱ्या पाळीचा माणूस डबा उचलतो, पहिल्या पाळीवाल्याची बायको चहाचं आधण ठेवते, अंगणातली पोरं डाव अर्धा टाकतात. अभिधेतून, म्हणजे शब्दाच्या सरळ शक्तीतून, मिळणारा वाच्यार्थ एकच, आणि तो कुणाच्याच कामाचा नाही.

पेण-रोह्याच्या या पट्ट्याने अर्थ लावणारी मोठी माणसं दिली. विनोबा पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५चा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार ते गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतलं. त्यातली चौथ्या अध्यायातली एक जागा मला फार महत्त्वाची वाटते. ‘विकर्म’ म्हणजे निषिद्ध कर्म, असा शंकराचार्यांपासूनचा अर्थ. विनोबांनी ‘वि’ हा ‘विशेष’मधला धरला. बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळते, ते विकर्म. दोन्ही एकजीव झाली की अकर्म. व्याकरणाने पाहिलं तर माझा कौल जुन्या अर्थाला जाईल. पण समोर बसलेल्या कैद्यांना सक्तमजुरी होती. दळण दळणाऱ्याला ‘निषिद्ध’ सांगून काय हाती लागणार होतं?

पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली रोह्यात जन्मले. त्यांच्या प्रवचनांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांचं शब्दांचं काम जास्त मोठं वाटतं. ‘मत्स्यगंधा’ ही महाभारतातली सत्यवती. त्यांनी ते नाव कोळ्यांच्या सामुदायिक बोटीला दिलं. पाळीपाळीने त्या बोटीवर जायचं, आणि मिळकत देवाची मानून गरजूला द्यायची. ‘योगेश्वर कृषी’ हे तसंच शेतीचं. ‘त्रिकाल संध्या’ हा शब्द मुंजीतल्या मुलाकडून सुटला आणि उठताना, जेवताना, झोपताना कुणीही करावं असं स्मरण झाला. खटकतं ते एकच: प्रवचनकाराने अर्थ तयार करून हातात दिला की पुढच्या पिढीत त्याची पुन्हा अभिधा होते. मत्स्यगंधा म्हणजे बोट, बस्स. सत्यवतीचा वास उडून जातो.

तिसरे चिंतामणराव देशमुख. जन्म १८९६चा, महाडजवळ नाते इथला. बालपण रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि ‘मेघदूता’चे मराठी अनुवादक. मूळ काव्य मंदाक्रांतेत आहे. ओळीत सतरा अक्षरं. चारवर थांबा, मग सहावर, मग सातवर. हा थांबा, म्हणजे यती, नुसता श्वास घेण्यासाठी नसतो. पहिली चार अक्षरं गुरू, जड पावलांसारखी; पुढची पाच लघू, धावती; नंतर चाल पुन्हा सावरते. विरही यक्षाची घालमेल अर्थ कळण्याआधी कानाला कळते. म्हणून मुलांना वृत्त शिकवताना गण मोजायला लावण्याआधी ओळ मोठ्याने वाचून घ्यावी, असं माझं शिक्षकांना सांगणं असतं. फार कुणी ऐकत नाही.

याच देशमुखांनी १९५६ च्या जुलैत, मुंबई महाराष्ट्राबाहेर ठेवण्याच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडताना, लोकसभेत निवेदन केलं. मंत्रिमंडळाला न विचारता निर्णय झाला, महाराष्ट्राविषयी आकस आहे, असा थेट ठपका त्यांनी पंतप्रधानांवर ठेवला. ढगाकरवी निरोप धाडणाऱ्या यक्षाची व्यंजना मराठीत आणणारा माणूस त्या दिवशी निव्वळ अभिधेत बोलला.