पहिला नंबर कुणाचा?

रविवारची सकाळ. जबलपूरच्या राइट टाउनमधले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणा. स्वयंपाकघरात पोह्यांना वाफ येते आहे आणि बाहेरच्या खोलीत बापलेकीचे आवाज चढले आहेत. भांडण मालमत्तेचे नाही, लग्नाचेही नाही. टेबलावर शाळेची जुनी वही उघडी आहे, तिच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन याद्या लिहिल्या आहेत. दोन्ही एक ते पंधरा.

"बाबा, 'फायनल कट' तिसऱ्या नंबरावर? तुम्ही पहिले नीट ऐका तर!"

"अगं, तुझा जन्म व्हायच्या आधीपासून ऐकतोय."

"म्हणूनच. आता सवय झालीय तुम्हाला."

आई बशा घेऊन बाहेर येते. "खाऊन घ्या आधी. त्या गोऱ्यांना ठाऊक तरी आहे का, तुम्ही त्यांच्यापायी इथे भांडताय ते?"

ते गोरे म्हणजे 'पिंक फ्लॉइड'. लंडनमध्ये १९६५ साली जमलेला हा बँड. दोन अमेरिकन ब्लूज गायकांच्या, पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल यांच्या नावांची सांगड घालून सिड बॅरेट या तरुणाने त्याचे बारसे केले. पुढे ज्या संगीताला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हटले गेले, त्याचे हे बिनीचे शिलेदार. तीन मिनिटांचे गाणे, तेही नाचण्याजोगे, हा रॉकचा शिरस्ता. या मंडळींनी तो मोडला. 'मेडल' या १९७१च्या अल्बमची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापली आहे. 'एकोज' तिचे नाव, लांबी तेवीस मिनिटांहून जास्त. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या घराला एवढ्या वेळाचे कौतुक वाटणार नाही, पण रॉकच्या दुनियेत ते धाडस होते. शिवाय त्यांचे बरेचसे अल्बम म्हणजे सुट्या गाण्यांची मोट नव्हे. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत एकच विषय विणलेला असतो. म्हणूनच इथे वाद गाण्यांवरून होत नाही, अल्बमवरून होतो. स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले असे एकूण पंधरा अल्बम आहेत, १९६७च्या 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'पासून २०१४च्या 'द एंडलेस रिव्हर'पर्यंत. त्यांची उतरंड लावणे हा जगभरच्या चाहत्यांचा आवडता उद्योग.

एका कॅसेटची करामत

जबलपूरसारख्या गावात हे संगीत पोचले ते कॅसेटवर. सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज इथे १९४७पासून आहे. ऐंशीच्या दशकात अशा होस्टेलांमध्ये विलायती संगीताचे वेड येई ते कुणा एका मित्राच्या बॅगेतून. तो सुटीत मुंबईला जायचा आणि मेलने परतताना दोन-चार कॅसेटी घेऊन यायचा. मग एका टेपरेकॉर्डरवरून दुसऱ्यावर त्यांच्या नकला उतरत. नकलेची नक्कल होता होता सुरांपेक्षा खरखरच जास्त ऐकू येई, पण तक्रार कोण करणार!

आता यातली गंमत पाहा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. 'द डार्क साइड ऑफ द मून' आहे त्रेचाळीस मिनिटांचा आणि 'विश यू वेअर हिअर' चव्वेचाळीस मिनिटांचा. म्हणजे ही जोडी एका कॅसेटवर जणू मापून बसते. ज्याच्या हाती अशी कॅसेट पडली, त्याच्या यादीत हेच दोन अल्बम वर दिसले तर नवल नाही. 'द वॉल' मात्र दोन तबकड्यांचा, एक्क्याऐंशी मिनिटांचा. त्याला पूर्ण कॅसेट खर्ची घालावी लागे. होस्टेलच्या खिशाला ते जड जाई आणि 'ॲनिमल्स'ची पाळी येईपर्यंत बहुधा पैसेच संपलेले असत.

लेकीच्या यादीत पहिला आहे तो नेमका 'ॲनिमल्स'. तिला पंधराही अल्बम मोबाइलवर एकाच दिवशी मिळाले. कोणता आधी आला आणि कोणता नंतर, याचे तिच्यावर ओझे नाही. तिचा न्याय अधिक निःपक्षपाती म्हणावा का? तसेही नाही. मोबाइलवर एक गाणे संपायच्या आत बोट पुढच्याकडे जाते. कॅसेटवाल्याला कंटाळवाणा भागही ऐकावाच लागे, कारण टेप पुढे पळवायची तर बॅटरी खर्च होई.

आधी नियम ठरवा

यादी करण्याआधीच अर्धे भांडण नियमांवरून होते. १९६९च्या 'उमागुमा'मध्ये दोन तबकड्या आहेत. एक कार्यक्रमात मुद्रित केलेली, दुसरीत चौघांनी प्रत्येकी स्वतंत्र केलेले प्रयोग. मग त्याला स्टुडिओतला अल्बम म्हणायचे की नाही? त्याच वर्षीचा 'मोर' आणि १९७२चा 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' हे चित्रपटांसाठी केलेले संगीत. ते धरायचे? 'ॲटम हार्ट मदर'च्या मुखपृष्ठावर बँडचे नाव नाही, फोटो नाही, नुसती एक गाय मागे वळून पाहते आहे. जबलपूरच्या कोणत्याही रस्त्यावर भेटावी अशी. त्यातल्या वाद्यवृंदाच्या लांबलचक रचनेला पुढे बँडमधल्याच लोकांनी नावे ठेवली. कर्त्यालाच नको झालेली कृती चाहत्याने डोक्यावर घ्यावी का? या प्रश्नावर दोन तास सहज जातात.

सर्वांत मोठा प्रश्न मात्र वेगळाच आहे: पिंक फ्लॉइड म्हणजे नक्की कोण? बॅरेटची मनःस्थिती बिघडली आणि १९६८मध्ये तो बाहेर पडला. त्याच्या जागी गिटारवादक डेव्हिड गिल्मर आला. हळूहळू सूत्रे रॉजर वॉटर्सच्या हाती गेली. 'द वॉल'च्या वेळी, १९७९मध्ये, कीबोर्डवादक रिचर्ड राइटला काढून टाकण्यात आले आणि कार्यक्रमांसाठी पगारावर परत घेतले. ते कार्यक्रम इतके खर्चिक ठरले की तोटा मालकांना झाला आणि कमाई फक्त पगारी राइटची! १९८५मध्ये वॉटर्सच बाहेर पडला. नावावरून प्रकरण कोर्टात गेले आणि डिसेंबर १९८७मध्ये मिटले. नाव गिल्मर आणि ढोलकवादक निक मेसन यांच्याकडे राहिले.

तेव्हापासून चाहत्यांचेही दोन तट आहेत. शब्द आणि कल्पना मानणारे वॉटर्सचे, सूर मानणारे गिल्मरचे. मराठी माणसाला हे नवे नाही. बालगंधर्व की केशवराव भोसले यावरून आपल्या पणजोबांच्या पिढीने मैत्र्या तोडल्या होत्या. दोघांनी ८ जुलै १९२१ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' केले, तेव्हा प्रेक्षक नाटक पाहायला जेवढे आले होते तेवढेच आपला माणूस जिंकतो का हे पाहायला आले होते, असे म्हटले तर वावगे ठरू नये. फ्लॉइडच्या चौघांचा असा संयुक्त प्रयोग एकदाच झाला, २ जुलै २००५ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये. पुढे २००८मध्ये राइट गेला. भारताच्या वाट्याला एकटा वॉटर्स आला, एप्रिल २००२मध्ये बंगळूरुला आणि फेब्रुवारी २००७मध्ये मुंबईला.

न ओळखलेला पाहुणा

बाबांच्या यादीत पहिला आहे 'विश यू वेअर हिअर'. त्याच्या बाजूने ते गाण्यांबद्दल फारसे बोलत नाहीत, एक हकिगत सांगतात. ५ जून १९७५. लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत या अल्बमचे काम चालू होते. एक जाडजूड माणूस आत येऊन बसला. डोके तुळतुळीत, भुवयाही काढलेल्या. कोणी म्हणाले, स्टुडिओचा नोकर असेल. बऱ्याच वेळाने उलगडा झाला की तो सिड बॅरेट होता. ज्याने बँडला नाव दिले, त्याला जुन्या सोबत्यांनीच ओळखले नव्हते. आणि ती मंडळी त्या दिवसांत ज्या रचनेवर काम करीत होती, ती नऊ भागांची 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' त्याच्याच आठवणीवर बेतलेली! बॅरेट २००६मध्ये वारला.

"हे ठाऊक असल्यावर तो दुसऱ्या नंबरावर कसा ठेवू?" बाबा विचारतात.

"पण नंबर गाण्यांना द्यायचाय ना बाबा, गोष्टीला नाही."

लेकीचा मुद्दा बिनतोड आहे. तरी तिनेही 'ॲनिमल्स'ची कहाणी पाठ केलेली असतेच. मुखपृष्ठासाठी डिसेंबर १९७६मध्ये बॅटरसी वीजकेंद्राच्या धुरांड्यांमध्ये बारा मीटर लांबीचे फुग्याचे डुक्कर उडवले होते. ते सुटलेच तर गोळी घालून पाडायला नेमबाजही ठेवला होता. प्रत्यक्षात डुक्कर सुटले त्या दिवशी नेमबाजाला बोलावलेलेच नव्हते. विमानांच्या मार्गात शिरून ते थेट केंटमधल्या एका शेतात जाऊन पडले.

भांडण सोडवायला शेवटी गणित आणले जाते. पाच मित्र घ्या. तिघांनी 'ॲनिमल्स'ला पहिला नंबर दिला, उरलेल्या दोघांनी आठवा आणि नववा. बेरीज वीस. 'विश यू वेअर हिअर' तिघांकडे तिसरा आणि दोघांकडे पहिला, बेरीज अकरा. 'डार्क साइड' पाचही जणांकडे दुसरा, बेरीज दहा. कमी बेरीज तो विजेता, म्हणजे 'डार्क साइड' जिंकला. एकानेही त्याला पहिला म्हटलेले नाही! मार्च १९७३मध्ये आलेला हा अल्बम जवळपास प्रत्येक यादीत वर असतो. अमेरिकेच्या पहिल्या दोनशेंच्या यादीत तो १९७३ ते १९८८ या काळात ७४१ आठवडे होता. त्याची थोरवी वादातीत आहे, पण बेरजेने येणारा पहिला नंबर बऱ्याचदा असाच असतो, कोणाचीच हरकत नसलेला.

तिसरा नंबर

उरला 'द फायनल कट'. १९८३चा हा अल्बम बहुतेकांच्या यादीत खाली घसरलेला असतो. राइट त्यात नाही, गिल्मरच्या तोंडी जेमतेम एक गाणे आहे. तो नावालाच फ्लॉइडचा, खरा वॉटर्सचा एकट्याचा, असे लेकीचे म्हणणे. ते खोटे नाही. वॉटर्स पाच महिन्यांचा असताना, १९४४मध्ये, त्याचे वडील इटलीत आन्झिओच्या लढाईत मारले गेले. १९८२च्या फॉकलंड युद्धाने ती जखम पुन्हा उघडली. अल्बम त्याने वडिलांना अर्पण केला.

"चाली कुठे आहेत यात? नुसता चिडून बोलतोय तो," लेक म्हणते.

बाबा थोडा वेळ गप्प राहतात. आजोबांची सगळी नोकरी खमरियाच्या आयुध कारखान्यात गेली. जबलपूरला हे सांगण्यासारखे वेगळे काही नाही. इथे तोफगाड्यांचा कारखाना १९०४चा, खमरियाचा दारूगोळ्याचा १९४२चा, लष्करी गाड्यांचा १९६९चा. निम्म्या गावाची चूल त्यांच्यावर पेटली. भोंग्यावर घड्याळे लागत.

"एकाहत्तरच्या लढाईत तुझे आजोबा रात्री उशिरा घरी यायचे," बाबा सांगतात. "मी लहान होतो. गोळे बनतात एवढं माहीत होतं. ते कुठे जाऊन पडतात, हे घरात कुणी बोलायचं नाही. आई बोलू द्यायची नाही. मग होस्टेलमध्ये ही कॅसेट आली. बाप गेलेल्या पोराची. चाली मलाही फारशा नाही आवडल्या."

लेक वही पुढे ओढते. तिच्या यादीत तो पंधरावा होता. खोडरबराने आकडा पुसून ती अकरा लिहिते.

"बस, एवढंच?" बाबा विचारतात.

"चाली नाहीतच, बाबा."

आई रिकाम्या बशा उचलायला येते. इतकी वर्षे हे सगळे तिने भिंतीपलीकडून ऐकलेले. "ती बाई शब्दांशिवाय आक्रोश करते ना, ते कशात आहे?"

दोघेही तिच्याकडे पाहतात. ते 'डार्क साइड'मध्ये आहे, 'द ग्रेट गिग इन द स्काय'. गायिका क्लेअर टॉरी, तेव्हा पंचविशीतली. शब्द नाहीत, सुचेल तसे गा, एवढेच तिला सांगितले होते.

"तिला काय दिलं त्याचं?"

"तीस पौंड," बाबा म्हणतात. "पुढे ती कोर्टात गेली. २००५मध्ये तडजोड झाली, तेव्हापासून त्या रचनेवर तिचंही नाव छापतात."

"तीस वर्षांनी," आई म्हणते. "लिही माझा तोच पहिला. बाकीचे चौदा तुम्ही घाला कसेही."

लेक पानाच्या उजव्या कडेला तिसरी रेघ मारते.