चार चिंचोके आणि एक खडू

उन्हाळ्याच्या तोंडावर वर्षाची चिंच फोडायला बसलं की पाटीभर चिंचोके निघतात. पूर्वी ते वाया जात नसत. मुलं भाजून खायची, आणि घोंगडीला ताठपणा आणणारी खळही चिंचोक्यांचीच. आता ते सरळ कचऱ्यात जातात. यंदा त्यातले चार मोठे, न किडलेले निवडले आणि पाच वर्षांच्या नातीला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले.

चिंचोका वरवंट्याने फोडला तर कधी नीट दोन फाका होतात, कधी चुरा. म्हणून घासलेला बरा. खरखरीत दगडावर एकाच बाजूने घासत राहायचं. आधी चकाकी जाते, मग तपकिरी सालीतून पांढरा ठिपका डोकावतो आणि पसरत पसरत कडेला भिडतो. मध्येच नातीने हातातला चिंचोका माझ्या मनगटाला टेकवला. चांगलाच चटका बसला! घासलं की वस्तू तापते, हे तिला आता कुणी शिकवायला नको.

मग फरशीवर खडूने चंगा-अष्टाचा पट आखला. पाच ओळी, पाच रकाने, 25 घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यभागी फुली. फुलीवरची सोंगटी मारता येत नाही. तिच्या सोंगट्या शेंगदाण्याच्या, माझ्या राजम्याच्या. जितके चिंचोके पांढरे पडतील तितकी घरं चालायचं. चारही पांढरे म्हणजे चंगा, चार. चारही काळे म्हणजे अष्टा, आठ. या दोन्हींना पुन्हा टाकायला मिळतं. नियम घरोघरी थोडे वेगळे असतात. तुमच्या आजीचे असतील तेच खरे धरा.

नातीला शंभरापर्यंत आकडे पाठ आहेत. तरी पहिल्याच डावात ती अडली. तीन पडले. तिने सोंगटी उभी होती त्याच घरावर बोट ठेवून ‘एक’ म्हटलं आणि दोनच घरं पुढे गेली.

“अगं, तीन पडलेत ना?”

“आजी, मी तीनच मोजले!”

तिचं खरं होतं, तिने मोजले तीनच. समजावून उपयोग झाला नाही. शेवटी गच्चीवर तोच पट पाऊल मावेल एवढा मोठा काढला आणि तिलाच सोंगटी केलं. उभ्या जागी ‘एक’ म्हणताना ती थबकली. उडी मारलीच नव्हती, मग एक कसा झाला? तिने पायाकडे पाहिलं, उडी मारली आणि मग म्हणाली, “एक.” त्यानंतर ही चूक जवळजवळ झालीच नाही. आकडे म्हणता येणं आणि मोजता येणं यातलं अंतर मला त्या उडीत दिसलं. आकडे शिकवणाऱ्या कुठल्याही महागड्या संचापेक्षा मला ही गच्ची मोलाची वाटते.

सोंगटीची वाट अशी: बाहेरच्या 16 घरांना घड्याळाच्या उलटा फेरा, आतल्या 8 घरांना सुलटा, मग मध्य. आपल्या बाजूच्या फुलीवरून निघून मध्यावर पोचायला 24 पावलं लागतात. आठवडाभरात ती पांढरे चिंचोके बोटाने मोजेनाशी झाली, नजर टाकली की “तीन!” पुढे तर टाकण्याआधीच म्हणू लागली, “मला दोन पडले की तुझा राजमा मेला.” हे वजाबाकीचंच काम, पण तो शब्द मी काढला नाही. दोन वारंवार पडतात आणि चंगा क्वचित, हेही तिने हेरलं. चार चिंचोके पडण्याच्या 16 तऱ्हा असतात. त्यातल्या 6 तऱ्हांत दोन पांढरे येतात, चंगा एकाच तऱ्हेत. घासलेला चिंचोका दोन्ही बाजूंवर अगदी सारखा पडत नाही, तरी कल साधारण तोच.

एक मात्र मी कटाक्षाने पाळते. तिला मुद्दाम जिंकू देत नाही. ती हरली की रडते, कधी पट पुसून टाकते. अशा वेळी मी खडू तिच्या हातात देते. पट तीच पुन्हा आखते, रेघा वाकड्या येतात, एखादं घर जास्तही होतं. मग कुठलं पुसायचं यावर आमची चर्चा होते.

तीन वर्षांखालचं मूल असेल तर चिंचोके, शेंगदाणे त्याच्यापासून लांब ठेवा. नाकात, घशात जातात. बाकीच्यांनी यंदा चिंच फोडताना आठ चिंचोके काढून ठेवा. खेळायला चारच लागतात, पण आमचे दोन आतापर्यंत कपाटाखाली गेले आहेत.