शंभर ग्रॅम तांदूळ

सरकारी आणि अनुदानित शाळांत दुपारी शिजवून वाढले जाणारे जेवण ही भारतातील गरीब मुलांना शाळेत आणणारी आणि टिकवणारी फार मोठी व्यवस्था आहे. महाराष्ट्रात ती ‘शालेय पोषण आहार’ म्हणून ओळखली जाते. २०२१मध्ये केंद्राने तिला ‘पीएम पोषण’ हे नाव दिले, तेव्हा ११.२० लाख शाळांतील ११.८० कोटी मुले तिच्या कक्षेत होती.

फी माफ असली तरी मजुरी करणाऱ्या घराला शाळा महागच पडते. शाळेत बसलेली मुलगी धाकट्या भावाला सांभाळत नाही, शेळ्या राखत नाही. आई पहाटेच कामावर गेली की मूल नुसत्या चहावर शाळेत येते आणि मधल्या सुट्टीत घरी गेले की परतत नाही. शाळेतले ताट या दोन्ही अडचणींवर उतारा ठरते.

मद्रास राज्यात (आजच्या तमिळनाडूत) मुख्यमंत्री के. कामराज यांनी १९५६मध्ये शाळेत जेवण देण्याची योजना राज्यभर नेण्यास सुरुवात केली; १९८२मध्ये तिथलेच मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी तिचा मोठा विस्तार केला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची योजना आली, पण बहुतेक राज्यांनी जेवणाऐवजी महिन्याला ३ किलो धान्य दिले. ते धान्य घरच्या डब्यात जाई आणि सगळ्या कुटुंबात वाटले जाई. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्षात किमान २०० दिवस शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. अर्थतज्ज्ञ फरझाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशातील हा बदल अभ्यासला, तेव्हा पहिलीतील मुलींच्या हजेरीत ठळक वाढ दिसली. रोजचे ताट रोजच्या हजेरीशी बांधलेले असते. महिन्याच्या पोत्याला ती ताकद नाही.

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, अशी अपेक्षा असते. सहावी ते आठवीसाठी धान्य १५० ग्रॅम. धान्याचा खर्च केंद्र उचलते. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन यांसाठी १ मे २०२५पासून मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे, तर वरच्या वर्गांसाठी १० रुपये १७ पैसे मिळतात. बहुतेक राज्यांत हा भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात वाटून घेतात. भाजी महागली तरी दर लगेच वाढत नाही. मग खिचडीतली भाजी कमी होते आणि वरण पातळ होते. अंडे किंवा फळ द्यायचे तर राज्याला वेगळी तरतूद करावी लागते.

पैसा सुरक्षिततेलाही लागतो. जुलै २०१३मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात कीटकनाशक मिसळलेले जेवण खाऊन २३ मुले दगावली. स्वच्छ स्वयंपाकघर, बंदिस्त कोठी आणि मुलांना वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेण्याचा नियम यांचे मोल तिथे कळले.

या साखळीत सर्वांत कमी मोबदला चुलीपाशी उभ्या बाईला मिळतो. केंद्राच्या हिशेबात स्वयंपाकी-मदतनिसाचे मानधन २००९पासून महिना १,००० रुपये आहे, तेही वर्षातून १० महिने. महाराष्ट्राने आपली भर घालून ते २,५०० रुपयांवर नेले. तांदूळ निवडणे, भाजी चिरणे, वाढणे, भांडी घासणे, सगळे तिच्याच हातून होते. धान्य आणि डाळ यांच्याइतकीच तिच्या श्रमाचीही पुरेशी तरतूद झाली, तरच ही योजना पूर्ण होते.