ताईचं मनगट आणि बाळाचं दूध

ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे शहापूरला आली होती. बाळ सव्वा महिन्याचं झालं आणि तिचा उजवा अंगठा दुखायला लागला. नेमकं सांगायचं तर अंगठा नव्हे, त्याच्या मुळाच्या वर, मनगटाची कड. पाळण्यातून बाळ उचललं की कळ यायची. दुपटं पिळता येईना, बरणीचं झाकण उघडेना. आजीने लगेच सांगून टाकलं, "वात शिरलाय. ओल्या अंगानं गार पाण्यात हात घातला की असंच होतंय." खानापूरहून आलेल्या मावशीचं म्हणणं वेगळं. "दर दोन तासाला पोराला धरून बसायचं म्हणजे हात जाणारच की गे. दोन वेळा वरचं दूध बाटलीनं दे."

ताई इतकी रडकुंडीला आली होती की तिला मावशीचं पटायला लागलं होतं. त्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवू म्हणून मी तिच्याबरोबर गेले. तिथे जे कळलं आणि नंतर वाचून जे समजलं ते इथे लिहिते, कारण आपल्यापैकी अनेकींच्या घरी वहिनी किंवा बहीण या अवस्थेतून जाणार आहे.

या दुखण्याला डी क्वेर्वेन यांचं नाव आहे. फ्रिट्झ डी क्वेर्वेन हे स्विस शल्यचिकित्सक. त्यांनी 1895 साली त्याचं वर्णन केलं. आपल्या घरात मात्र सांधा, शीर, हाड, काहीही दुखलं तरी शब्द एकच, वात. इथे सांध्याला काही झालेलं नसतं. अंगठा बाहेर ताणणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जाते तसंच. नाडी सुजली किंवा नेफा जाड झाला की ती सरकताना अडकते, घासते. दुखतं ते हे घासणं.

बाळंतिणींनाच हे जास्त का होतं? आजीचं निरीक्षण खोटं नव्हतं, कारण तेवढं वेगळं. बाळंतपणानंतर शरीरातली संप्रेरकं बदललेली असतात, अंगात पाणी साठण्याची प्रवृत्ती असते. त्यातच दिवसातून वीस-पंचवीस वेळा बाळ उचलायचं. आपण उचलतो कसं, तर अंगठा ताठ बाहेर काढून, काखेत हात घालून. म्हणजे सगळा भार नेमका त्या दोन दोऱ्यांवर. पाजतानाही ताई बाळाचं डोकं पंजावर तोलून, मनगट आत मुडपून अर्धा अर्धा तास बसायची. आणि दुसऱ्या हाताने मोबाईल! (मोबाईलवर एका हाताने सतत अंगठा चालवणाऱ्या आपल्यासारख्यांनाही ही जागा दुखू शकते.)

डॉक्टरांनी एक साधी परीक्षा केली. अंगठा मुठीत धरायचा आणि मनगट हळूच करंगळीच्या बाजूला झुकवायचं. थोडा ताण सगळ्यांनाच जाणवतो, पण ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. घरी करून बघायचं असेल तर हळू, आणि दुसऱ्या हाताशी ताडून. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट रात्री बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, तर तो प्रकार वेगळा, तिथे मनगटातली नस दबलेली असू शकते. जागा लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दाखवायचं.

मग मावशीच्या बाटलीचा प्रश्न. दूध मागणीप्रमाणे तयार होतं. बाळ कमी ओढेल तसं ते कमी होत जातं. अचानक पाजणं टाळलं की छाती दाटते, गाठी होतात, आणि ते दूध हाताने काढायचं तर पुन्हा तोच अंगठा! सहा महिने आईचंच दूध, पाणीसुद्धा नको, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. बाळाला पुरतंय का, हे वजनावरून आणि ओल्या लंगोटांवरून कळतं. पहिला आठवडा उलटल्यावर दिवसाला सहा तरी लंगोट ओले व्हायला हवेत. ताईचं बाळ आठ-आठ करत होतं. म्हणजे बदलायची होती ती धरण्याची पद्धत.

ते आम्ही असं केलं. पाजताना मांडीवर दोन उशा, बाळ त्यांवर, डोकं ताईच्या कोपराजवळ हातावर, मनगट सरळ. बाळाला छातीजवळ आणायचं, आपण वाकायचं नाही. उचलताना एक तळवा ढुंगणाखाली, दुसरा मानेमागून पाठीखाली, अंगठे बोटांना चिकटून, सुपात धान्य घ्यावं तसं. रात्री बाळाला उचलून तिच्या कुशीत द्यायचं काम माझ्याकडे आणि आईकडे. ढेकर काढणं, आंघोळ आणि दुपटी पिळणं भावोजी आले की त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी दुपटी अशी पिळली की एक फाटलंच.

पट्टा घेताना आम्ही चुकलो. औषधाच्या दुकानातून नुसता मनगटाचा पट्टा आणला, त्यात अंगठा मोकळाच! अंगठ्यालाही आधार देणारा पट्टा लागतो. त्याची खरखरीत कड बाळाला लागू नये म्हणून आम्ही वरून मऊ सुती कापड गुंडाळायचो. मालिशवाल्या मावशींना ती जागा रगडू नका म्हणून सांगावं लागलं. त्या जरा रुसल्या. दुखऱ्या जागी लावायचं मलम बाळाच्या तोंडात जायला नको, म्हणून हात धुऊनच बाळाला घ्यायचं. गोळी कुठलीही असो, अंगावर पाजते हे डॉक्टरांना आधी सांगायचं. पाजताना चालणाऱ्या वेदनाशामक गोळ्या असतात, पण त्या त्यांनीच ठरवाव्यात.

एवढ्यानेही काही आठवड्यांत फरक पडला नाही तर त्या बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. बऱ्याच जणींना त्याने आराम पडतो, कधी कधी तिथली कातडी थोडी पांढुरकी होते. शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

ताईला इंजेक्शन लागलं नाही. पाच आठवड्यांनी बरणी उघडली, पट्टा रात्रीपुरता राहिला. बाळ आता पाच महिन्यांचं आहे, अंगावरच पितंय. आजी अजूनही त्याला वातच म्हणते, पण परवा शेजारची सून बाळाला काखेतून उचलताना दिसली तेव्हा आजीच खिडकीतून ओरडली, "अगं, अंगठा आत घे!"